लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना या चुका टाळा

सोलापुरात लग्न ठरले की आधी कार्यालय, मग आचारी, मंडपवाला आणि बस्ता असा क्रम लागतो, आणि फोटोग्राफरची आठवण बहुधा पत्रिका छापायला टाकताना होते. तोवर तुळशीच्या लग्नानंतरच्या किंवा मे महिन्यातल्या दाट तिथींना चांगली माणसे गुंतलेली असतात, त्यामुळे जो मोकळा आहे त्याच्या हातात घाईघाईने विसार ठेवला जातो. कार्यालयाची तारीख पक्की होईल त्याच आठवड्यात चौकशी सुरू करावी, हे खरे. पण वेळेत चौकशी करणारेही निवडक फोटो पाहून माणूस ठरवतात, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक ती आहे.

स्टुडिओतला नमुना अल्बम म्हणजे अनेक लग्नांतून वेचलेली चाळीस-पन्नास चित्रे. त्यातली बरीचशी सायंकाळच्या मऊ उजेडात, नवरानवरीला हवे तसे उभे करून काढलेली असतात. आपल्याकडच्या अक्षता मात्र पुष्कळदा भर दुपारी पडतात. बाहेर डोळे दिपवणारे ऊन, आत रंगीबेरंगी दिवे, आणि व्यासपीठावर मामा-मावश्यांची दाटी. म्हणून एकाच लग्नाचे, हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो दाखवायला सांगावेत, आणि जमल्यास आपण घेतलेल्याच कार्यालयातले मागावेत. ते दुसऱ्या कुटुंबाचे फोटो असल्यामुळे त्याने ते मोबाइलवर पाठवायला नकार दिला तर वाईट वाटून घेऊ नये. स्टुडिओत बसून पाहिले तरी काम भागते. पाहताना आंतरपाट सरकल्या क्षणी दोघांचे चेहरे मिळाले आहेत का, पंगतीतली वडीलधारी माणसे ओळखू येतात का, आणि हळद हळदीसारखी पिवळी दिसते की केशरी, एवढे पाहिले तरी माणसाची पारख होते.

दिव्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लग्नानंतरच्या तक्रारींत ‘फोटोवर आडवे काळे पट्टे आले’ ही तक्रार हल्ली फार ऐकू येते. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे साधे, स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, परंतु शटरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड आत घेणाऱ्या झडपेचा, वेग फार वाढवला, विशेषतः आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले, तर चित्राच्या काही ओळींना उजेड मिळतो आणि काहींना मिळत नाही. वेग १/१०० किंवा १/५० सेकंदावर आणला की हे पट्टे बहुतेक वेळा जातात. व्यासपीठामागच्या एलईडी वॉलचा लुकलुकण्याचा वेग मात्र वेगळा असतो, त्यामुळे तेथे आधी चाचणी घेण्याला पर्याय नाही. ‘पट्टे आले तर काय करता?’ असे फोटोग्राफरला सरळ विचारावे. ‘नंतर मिक्सिंगमध्ये (म्हणजे संगणकावर दुरुस्त करताना) काढू’ एवढेच उत्तर मिळाले, तर दुसरीकडेही विचारून पाहावे.

प्रत्यक्ष लग्नाला कोण येणार, हे न विचारणे ही पुढची चूक. दाट तिथीला एकाच स्टुडिओकडे दोन-तीन लग्ने असतात, आणि ज्याचे काम पाहून आपण होकार दिला तो भलत्याच कार्यालयात उभा असतो. आमच्या घरच्या एका लग्नात नेमके हेच झाले. मालकाने ऐनवेळी एक नवशिका मुलगा पाठवला. रुखवताचे प्रत्येक ताट त्याने चार-चार बाजूंनी टिपले आणि मंगलाष्टके सुरू असतानाच त्याचे मेमरी कार्ड भरले. शेवटच्या ‘सावधान’च्या वेळी तो मंडपाच्या खांबाला टेकून, खाली मान घालून, कार्डातले लाडवांचे फोटो एकेक करून पुसत होता. वाजंत्री वाजली तेव्हा त्याने मान वर केली. आमच्याकडे हार घातल्यानंतरचे फोटो आहेत, हार घालतानाचा एकही नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. कार्डे किती, कॅमेऱ्यात एका वेळी दोन कार्डांवर नोंद होते का, आणि येणाऱ्या माणसाचे नाव काय, हे तीन प्रश्न आम्हीच विचारले नव्हते.

आपल्या शहरात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही घरांतली लग्ने होतात, आणि विधींचा क्रम घराघरांत बदलतो. तेलुगू लग्नात मुहूर्ताच्या क्षणी वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात. तो क्षण ठाऊक नसलेला फोटोग्राफर हार घालण्याची वाट पाहत उभा राहतो आणि मुहूर्त निघून जातो. तेव्हा विधींची यादी गुरुजींकडून किंवा घरातल्या जाणत्या बाईकडून लिहून घ्यावी आणि ती फोटोग्राफरला दोन दिवस आधी द्यावी. ज्यांचे फोटो हवेतच अशा आजी-आजोबांना ओळखणारा एक भाचा-पुतण्या त्याच्यासोबत ठेवावा. फोटोग्राफर मंडळींच्या जेवणाचेही आधी ठरवावे, नाहीतर नवरानवरी उखाणे घेत घास भरवत असताना कॅमेरेवाले शेवटच्या पंगतीत बसलेले सापडतात.

आता व्यवहार. तोंडी ठरलेला ‘चाळीस पानांचा अल्बम’ पुढे हमखास वादाचा ठरतो, कारण करिझ्मा अल्बममध्ये, म्हणजे पानांवरच फोटो छापलेल्या अल्बममध्ये, एका शीटची दोन पाने होतात. चाळीस पाने म्हणजे वीसच शीट. अल्बमचा आकार, शीटची संख्या, कँडिड (नकळत टिपलेल्या) आणि पारंपरिक फोटोंसाठी वेगवेगळी माणसे येणार की एकच, व्हिडिओ किती तासांचा, सर्व मूळ फोटो पेन ड्राइव्हवर मिळणार का, आणि काम किती दिवसांत हाती येणार, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, उलट करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक मोबदला देणारा, म्हणजे आपण, असतो. म्हणून छापील करारात याउलट कलम आहे का ते वाचावे, आणि आपले फोटो जाहिरातीसाठी वापरायला चालतील की नाही हेही त्यातच लिहावे. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. शेवटचा हप्ता अल्बम हाती येईपर्यंत राखून ठेवावा.

ड्रोनचा आग्रह धरण्याआधी एक गोष्ट तपासावी. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र असावे लागते. शिवाय होटगी रस्त्यावरचा विमानतळ शहराला लागूनच असल्याने, आपले कार्यालय कोणत्या क्षेत्रात येते ते ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशावर पाहावे लागते.

एवढे करूनही बिघडलेच तर घाबरून चुकीचे पाऊल टाकू नये. कार्डातले फोटो दिसेनासे झाले, तर त्या कार्डावर नवा एकही फोटो काढू नये आणि ते फॉरमॅट करू नये. वर काही लिहिले गेले नसेल तर पुसलेले फोटो पुष्कळदा परत मिळतात. फोटो पिवळट किंवा काळवंडलेले वाटले तर छपाईपूर्वीच मूळ रॉ फाइलवरून (कॅमेऱ्यातल्या संस्कार न केलेल्या फाइलवरून) रंग सुधारून मागावेत, कारण अल्बम छापून झाल्यावर नव्या छपाईचा खर्च कोणी करायचा यावर वाद होतो. अल्बम महिनोन्‌महिने मिळाला नाही, तर फोनवरचे ‘पुढच्या आठवड्यात देतो’ ऐकत बसू नये. ठरलेली तारीख, दिलेली रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत लिहून स्पीड पोस्टने पत्र पाठवावे. तरीही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिचे शुल्क लागत नाही. तेथे सही केलेला तो कागद आणि पैसे दिल्याच्या पावत्या लागतील. त्या लग्नाच्या खर्चाच्या वहीतच चिकटवून ठेवाव्यात.