डोक्यावर एकाच जागी दुखतंय? आधी या चुका टाळा

डोकं दुखत नसतं, पण कंगवा त्या नाण्याएवढ्या जागेवर आला की हात आखडतो. उशीवर त्या कुशीला वळवत नाही. मग बहुतेक जण करतात ती पहिली चूक म्हणजे जागा न बघताच तिथे तेल चोळणं.

आधी बघा. भरपूर उजेडात कुणाला तरी केस बाजूला करायला सांगा आणि फोटो काढून घ्या. केसाच्या मुळाशी पिवळ्या टोकाची पुळी असेल तर ते केसतोड. पिळलं, चोळलं तर संसर्ग पसरतो. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने दिवसातून तीन-चार वेळा शेक द्या. लहान मुलाच्या डोक्यावर खवले आणि केस तुटलेला चट्टा दिसला तर गजकर्णाची शक्यता मोठी. त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं.

काहीच दिसत नाही म्हणून सोडून देणं ही दुसरी चूक. नागीण अनेकदा अशीच सुरू होते: डोक्याच्या एकाच बाजूला आग, टोचणी, आणि फोड दोन-तीन दिवसांनी. फोड आल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू झालं तर उत्तम, त्यामुळे ‘उद्या बघू’ इथे महागात पडतं. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा.

मानेच्या मागून वर विजेसारखी चमक जात असेल तर ती नस दुखावल्याची खूण. जोरजोरात मान मोडू नका.

घट्ट बांधलेले केस हे कारण इतकं साधं आहे की कुणाच्या लक्षातच येत नाही. संध्याकाळी रबर काढल्यावर केस उलट्या बाजूला वळवले की मुळं ठणकतात ना? तेच ते. काही दिवस केस सैल ठेवून बघा. वर्षानुवर्षं ताण बसला तर तिथले केस कायमचे जातात.

वेदनाशामक गोळ्यांचाही हिशेब ठेवा. साध्या गोळ्यासुद्धा महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं की त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं.

आणि एका बाबतीत मी हात जोडून सांगेन. वय 50 च्या पुढे आहे, कानशिलाजवळ हात लावला तरी दुखतं, घास चावताना जबडा भरून येतो किंवा नजर मध्येच अंधुक होते? ही तिथल्या रक्तवाहिनीची सूज असू शकते. यात दृष्टी जाऊ शकते आणि गेलेली सहसा परत येत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शंका दाट असली तर ते तपासण्यांच्या निकालाची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात.