परसातलं माळवद उतरवायच्या आधी बोळात बांबू फिरवून बघा

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वाड्याच्या परसातल्या ओसरीचं माळवद, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेलं सपाट छत, उतरवलं आणि एका चुकीपायी आजोबांनी घातलेली सागवानी तुळई मधोमध कापावी लागली. आता पुढच्या महिन्यात काकांच्या परसातलं काम काढायचंय, म्हणून सगळी तयारी एका जागी लिहून काढायलोय. ज्यांचं घर असं बोळात आत आहे त्यांच्याबी कामाला येईल.

सगळ्यात आधी बांबू. मजूर नंतर सांगा, ट्रॅक्टर नंतर सांगा, आधी तुमच्या सगळ्यात लांब तुळईच्या मापाचा बांबू घ्या आणि दोघं जण दोन टोकं धरून परसातून बोळात, बोळाच्या वळणावरून, थेट जिथं ट्रॉली उभी राहणार तिथपर्यंत चालत जा. मी हे केलं नाही. टेप लावून बोळाची रुंदी तेवढी मोजली, तीन फूट, माणूस जातोय, घमेलं जातंय, तर लाकूडबी जाईल असं धरून चाललो. पण वळणाच्या दोन्ही अंगाला तीन-तीन फूट असले की आडवं धरलेलं लाकूड साडेआठ फुटाच्या पुढं वळतच नाही, आणि तेबी काठीसारखं बारीक असलं तर. तुळई नऊ इंच जाड, म्हणजे अजून कमी. आमची होती चौदा फूट. उभी करून वळवावी म्हणलं तर डोक्यावर लाईटच्या तारा. दीडशे किलोच्या घरातलं लाकूड, सहा माणसं घामानं भिजलेली, अंधार पडायला लागलेला, परत न्यायची तर तिकडं मातीचा ढीग. शेवटी तिथंच बोळात करवत लावली. आतून लाकूड सोनेरी निघालं, एक किडका कण नाही, आणि सागवानाचा तेलकट वास असा सुटला की जणू कालच झाड पाडलंय. आई दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. सात-सात फुटाचे दोन तुकडे झाले, चौकटीला लागले, पण तुळई म्हणून ती गेली.

म्हणून बांबू अडकला तर कामाच्या आधीच ठरवा. पुढचं आणि मागचं दार एका रेषेत असलं तर माजघरातून सरळ काढता येते. नाहीतर शेजाऱ्यांच्या अंगणातून, पण ते आठ दिवस आधी घरी जाऊन विचारायचं, लाकूड खांद्यावर घेऊन नाही. उभीच करायची असंल तर वीज कंपनीच्या माणसाला सांगून तेवढा वेळ लाईन बंद करून घ्या, अंदाजानं तारांखालून काढायच्या भानगडीत पडू नका.

आता माती. लोकांना वाटतं माळवद म्हणजे लाकूड, पण खरं काम मातीचं. ओसरी आठ बाय चौदा, वर सव्वा फूट पांढरी माती, म्हणजे एकशेचाळीस घनफूट, जवळजवळ दीड ब्रास (शंभर घनफुटाचा एक ब्रास), वजन सहा टनाच्या वर. साडेतीनशे घमेली होतात! किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि असल्याच माळवदांचा भार झोपलेल्या माणसांवर आला, ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, तरी काम करताना लोक त्याच मातीखाली सावलीला बसतात. बसू देऊ नका. खाली पोरं नकोत, बाया नकोत, कुणीच नको. वर जाताना तुळयांवर आडवी फळी टाकून तिच्यावरच उभं राहायचं, दोन कड्यांच्या, म्हणजे तुळईवर टाकलेल्या बारीक लाकडांच्या, मधी पाय द्यायचा नाही. माती दोन्ही बाजूंनी सारखी काढत यायची, एका अंगाला ढीग करून ठेवायचा नाही. बोळात हातगाडी अडकत असंल तर गाढवं सांगा, आमच्याकडं अजून मिळतात आणि वळणावर त्यांच्यासारखं काहीच नाही. ही माती फेकायची नाही, ज्यांची माळवदं अजून शाबूत आहेत ते पावसाळ्याआधी पांढरी शोधतच असतात, शेतात टाकायलाबी नेतात, आधी सांगून ठेवलं की ट्रॉली भरल्या भरल्या जाते.

विंचू असतातच. किलच्या, म्हणजे कड्यांवर मातीखाली घातलेल्या लाकडाच्या पट्ट्या, उचलताना हात आधी घालू नका, पहारीनं उलट्या करून बघा. बूट, हातमोजे, तोंडाला रुमाल. जुने खिळे पायात जातात, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवा.

उतरवायचा क्रम वरून खाली. माती, किलच्या, कड्या, मग तुळई, मग खांब. तुळईला हात लावायच्या आधी खाली टेकू द्या. भिंतीत गेलेली टोकं हातोड्यानं ठोकून बघा, बद्द आवाज आला की आत वाळवीनं खाल्लंय, तसलं टोक पहारीनं उचकटलं तर भिंतीचे दगड सोबत येतात. सावकाश मोकळं करा. आणि मोकळं झाल्यावर लगेच खाली घेऊ नका, आधी बघा बोळातून जाणार का. बांबू फिरवला होता ना? नसंल फिरवला तर अजून वेळ आहे, तुळई वर आहे तोवर फिरवा.

मजुरीचं बोलणं कामाच्या आधी, वाहतूक धरून की सोडून ते स्पष्ट. पाणी, चहा, दोर, ताडपत्री.

मृगाच्या आत उरका. माळवद निघालं की भिंतीचा माथा उघडा पडतो, मातीत बांधलेली भिंत पहिल्या दोन पावसांतच फुगते, म्हणून रोज संध्याकाळी ताडपत्री टाकून दगड ठेवायचे. खांब शेवटी. खिळे वेचून डब्यात, कड्या विटांवर रचून ठेवायच्या, जमिनीवर नाही.

काकांच्या बोळात उद्या सकाळी जायलोय, बांबू सोळा फुटाचा घेतलाय.