कौन्सिलचं गोल्फ कोर्स दुसऱ्याच्या हातात चाललंय? मग आधी हे करा

इंग्लंडमधे आपल्यातल्या बऱ्याच जणांना गोल्फचा नाद लागला तो कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, कोर्सवर, कारण प्रायव्हेट क्लबची फी ऐकूनच माणूस घरी परततो. आणि मग एक दिवस प्रो शॉपच्या (कोर्सवरच्या गोल्फच्या दुकानाच्या) दारावर कागद लागतो की अमुक तारखेपासून कोर्सचं मॅनेजमेंट बदलतंय, की लगेच व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो, कोण कंपनी, चांगली का भिकार, दुसरीकडे त्यांनी काय दिवे लावले. माझं म्हणणं, कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा कौन्सिल नक्की काय देतंय आणि किती वर्षांसाठी.

ढोबळमानाने दोन प्रकार. एक म्हणजे मॅनेजमेंट कॉन्ट्रॅक्ट, दुसरं लीज. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे लग्नात कॅटरर सांगितला, मेनू आणि ताटाचा रेट यजमानाच्या हातात. लीज म्हणजे अख्खा हॉलच भाड्याने दिला, आता आत काय शिजतंय ते भाडेकरू ठरवणार. लीजमधे ग्रीन फीवर (एकदा खेळायच्या फीवर) कौन्सिलचा कंट्रोल राहील की नाही हे करारात काय लिहिलंय त्यावर, नसेल लिहिलं तर नंतर बोंबलून उपयोग नाही. कंपनीच्या जागी लेझर ट्रस्ट (खेळ-करमणुकीच्या जागा चालवणारी ना-नफा संस्था) असला तरी हाच प्रश्न विचारायचा, ट्रस्ट म्हटलं की लोक उगाच गाफील राहतात.

हे कळणार कुठून? कौन्सिलच्या वेबसाइटवर फॉरवर्ड प्लॅन, म्हणजे येणाऱ्या निर्णयांची यादी, असतो. कॅबिनेट पद्धतीच्या (मोजके नगरसेवक मिळून निर्णय घेतात अशा) कौन्सिलला मोठा निर्णय घ्यायच्या २८ दिवस आधी तो जाहीर करावा लागतो, आणि मीटिंगचा अजेंडा, रिपोर्टसकट, पाच कामकाजाचे दिवस आधी. रिपोर्ट उघडलात की पहिली चार पानं "उत्तम सेवा", "गुंतवणूक" वगैरे असतात ती सोडा, खाली अपेंडिक्समधे नकाशा असतो तो मोठा करून बघा. लाल रेघेच्या, म्हणजे द्यायच्या जागेच्या हद्दीच्या, आत काय काय येतंय? फक्त १८ होल्स, का क्लबहाउस, कार पार्क, प्रॅक्टिस ग्राउंड पण? पार्किंगला पैसे लागणार का याचं निम्मं उत्तर त्या रेघेत असतं. कोर्समधून पब्लिक फुटपाथ जात असेल तर तो मात्र कोणीही आला तरी आपोआप बंद होत नाही, कुत्रं फिरवणाऱ्यांनी निवांत राहावं.

आकड्यांचं अपेंडिक्स बहुतेक वेळा गोपनीय म्हणून झाकलेलं असतं. तिथे फ्रीडम ऑफ इन्फर्मेशनचा अर्ज टाका, आपल्या माहिती अधिकारासारखंच, पण फी नाही, साधा ईमेल चालतो, उत्तराची मुदत २० कामकाजाचे दिवस. "सगळी माहिती द्या" असं लिहू नका. मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न आणि खर्च, वर्षाला किती राउंड्स झाले, ड्रेनेज आणि क्लबहाउसच्या छताचा खर्च नव्या करारात कोणाच्या गळ्यात, एवढंच मागा. छताचा प्रश्न नक्की विचारा, जुनी क्लबहाउसं गळतात आणि मग कौन्सिल आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. व्यावसायिक गुपित म्हणून नकार आला तर रिव्ह्यू (फेरविचार) मागा, कारण ते कारण सांगताना जनहिताचा तोल बघणं त्यांना बंधनकारक आहे. आणि दरवर्षी, बहुतेक उन्हाळ्यात, ३० कामकाजाचे दिवस कौन्सिलचे हिशेब लोकांना बघायला खुले असतात, त्यात करार आणि बिलं पण बघायला मागता येतात, पण फारसं कोणी जातच नाही.

आता लीज असेल आणि जागा सार्वजनिक करमणुकीची ओपन स्पेस असेल तर १९७२ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टच्या कलम १२३ प्रमाणे लोकल पेपरात लागोपाठ दोन आठवडे नोटीस द्यावी लागते आणि आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. ती नोटीस मागच्या पानावर दारूच्या लायसन्सच्या जाहिरातींमधे बारीक अक्षरात असते, तेव्हा पेपर चाळत राहा. हे फक्त कागदोपत्री नाही बरं का, श्रूजबरीमधे टाउन कौन्सिलने मैदानाची जागा अशी नोटीस न देता विकली आणि २०२३ मधे सुप्रीम कोर्टाने तिथल्या घरांची प्लॅनिंग परमिशनच रद्द केली.

हरकत लिहिताना मात्र भान ठेवा. "खासगीकरण नको" एवढंच लिहिलंत तर फाइलला लागतं आणि विषय संपतो. त्यापेक्षा लिहा की संध्याकाळचा स्वस्त रेट, ज्युनियर रेट आणि पे-अँड-प्ले (मेंबर न होता पैसे देऊन खेळणं) करारात घाला आणि दरवाढीवर मर्यादा टाका. कारण दुसरा पर्याय दरवेळी "पूर्वीसारखंच" नसतो. लंडनमधलं बेकनहॅम प्लेस पार्कचं कोर्स २०१६ मधे बंद झालं, आता तिथे छान तलाव आहे, लोक पोहतात, गोल्फ नाही. ब्रायटनचं वॉटरहॉल आणि डर्बीचं अ‍ॅलेस्ट्री, दोन्हीकडे रीवाइल्डिंग, म्हणजे जागा परत निसर्गाच्या हवाली. कारणं प्रत्येक ठिकाणी वेगळी, पण कौन्सिलपुढे हाही रस्ता असतो हे विसरू नका.

स्टाफचं विचारा. सेवा एकाकडून दुसऱ्याकडे गेली की ट्युपी (TUPE, मालक बदलताना नोकऱ्या जपणारे) नियमांखाली कर्मचारी सहसा त्याच अटींवर नव्या मालकाकडे जातात. हेड ग्रीनकीपर (कोर्सचं गवत राखणाऱ्यांचा मुख्य) राहतोय का हे मला तरी कंपनीच्या लोगोपेक्षा महत्त्वाचं वाटतं, कुठल्या ग्रीनवर पाणी साचतं ते त्यालाच माहीत.

शेवटी स्वतःचे पैसे. सीझन तिकीट ऑपरेटरचं, म्हणजे कोर्स चालवणाऱ्याचं, असतं, क्लब मेंबरशिप अनेक ठिकाणी वेगळ्याच क्लबची, जो तिथे फक्त खेळतो, हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा अधिकृत आकडा) त्याच्यामार्फत. म्हणजे ऑपरेटर बदलला म्हणून हँडिकॅप जात नाही, पण तिकीट आणि गिफ्ट व्हाउचर नवा माणूस मानणार का हे ईमेलवर लेखी घ्या, काउंटरवरच्या पोराच्या "हो हो, चालेल" वर जाऊ नका. बदल व्हायच्या आधीचे दोन-तीन महिने वर्षभराचे पैसे एकदम भरू नका. भरायचेच असतील आणि रक्कम १०० पौंडांच्या वर असेल तर क्रेडिट कार्डाने भरा, ऑपरेटर बुडाला तर कंझ्युमर क्रेडिट ॲक्टच्या सेक्शन ७५ खाली बँकेकडे मागता येतात.