एक पौंड खिमा आणि सहा वाजताचं जेवण

मुलांची शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात तुमच्या लक्षात येईल, इथे अमेरिकेत काही वर्गांची जेवणाची सुट्टी अकरा वाजताच होऊन जाते. दुपारी चारला बस दारात थांबते तेव्हा पोरं भुकेने कावलेली असतात. आपल्या सवयीने रात्री नऊला पानं घ्यायची म्हटली, तर तोवर चिप्सच्या पिशव्या रिकाम्या झालेल्या असतात आणि मुलं पेंगुळलेली. डिसेंबरात तर साडेपाचला बाहेर काळोख पडतो. म्हणून ओहायो राज्यातल्या आमच्या सिनसिनाटीत नव्याने आलेल्या प्रत्येक घराला मी आधी हेच सांगते: संध्याकाळी सहा-साडेसहाला सगळ्यांनी एकत्र जेवायचं ठरवा, आणि त्यासाठी फ्रीझरमध्ये खिमा ठेवा.

मी वसईची. इथे येऊन अठरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी रोज दोन स्वयंपाक करत होते. मुलांसाठी पास्ता नाहीतर नगेट, आणि आम्हा मोठ्यांसाठी भात, रस्सा, भाजी. मुलं सहाला जेवायची, आम्ही नऊला. एका घरात राहून चार-चार दिवस आम्ही एका टेबलावर बसत नसू. तसं करू नका. एका घरात दोन चुली मांडल्या की मुलांची चव आपल्यापासून सुटते आणि आईचा जीव मेटाकुटीला येतो. खिम्याचं एक पातेलं मात्र दोन्हीकडे चालतं. तोच खिमा पोळीबरोबर आजी-आजोबा खातात, टाकोमध्ये, म्हणजे मक्याच्या दुमडलेल्या पोळीत भरून, मुलं खातात.

आमच्याकडे गावी ‘मोठ्याचं’ म्हणजे म्हशीचंच. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीची कत्तल बंद झाली आणि २०१५ मध्ये ती बंदी बैलांनाही लागू झाली. म्हशीचं मांस गडद, कोरडं, चिवट. त्याला चार चमचे तेल, कुकरच्या शिट्ट्या आणि धीर लागतो. इथला गोवंशाचा खिमा अगदी वेगळा. तो बारीक दळलेला, मऊ आणि चरबीचा असतो. घरची पाककृती जशीच्या तशी केलीत तर वर बोटभर तेल तरंगेल. इथे कढईत तेल घालायचंच नाही, आणि कुकर तर काढूच नका. वीस मिनिटांत काम होतं.

दुकानात ‘खिमा’ किंवा ‘मिन्स’ मागितलात तर समोरचा गोंधळेल. इथला शब्द ‘ग्राउंड बीफ’. पाककृतींत पुष्कळदा नुसतं ‘हॅम्बर्गर’ लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ हाच. त्यात हॅम, म्हणजे डुकराचं मांस, नसतं. ते नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलेलं आहे. उलट इथल्या न्याहरीत मिळणारा ‘गेटा’ नावाचा वड्यांसारखा प्रकार दिसायला निरुपद्रवी असतो, पण त्यात ओट्सबरोबर सहसा डुकराचं आणि गोवंशाचं, दोन्ही मांस असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं.

पाकिटावर ८०/२०, ९०/१०, ९३/७ असे आकडे असतात. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. कायद्याने चरबी ३० टक्क्यांच्या वर असता येत नाही. सगळ्यात स्वस्त म्हणून लांबट नळकांड्यातलं ७३/२७ उचलाल, तर त्यातला बराच भाग वितळून कढईच्या तळाशी जमेल. रोजच्या खिम्याला मी ८५/१५ किंवा ९०/१० घेते. बर्गर थापायचे असतील तर ८०/२०, कारण चरबी कमी पडली की ते लाकडासारखे होतात. पाकीट उघडल्यावर वरचा खिमा लालबुंद आणि आतला करडा-तपकिरी दिसला तर घाबरून फेकून देऊ नका. वरच्या थराला हवा लागते म्हणून तो लाल, आत हवा पोचत नाही म्हणून तो करडा. वास आंबूस आला किंवा हाताला बुळबुळीत लागला, तर मात्र सरळ कचऱ्यात.

आता एक सवय मोडायची आहे आणि ती मोडायला सगळ्यांना जड जाते. खिमा धुवायचा नाही. आपण चाळणीत घेऊन तीन पाण्यांनी धुतो, कारण बाजारातून उघड्यावरचं आणलेलं असतं. इथे धुतलात तर जंतू सिंकभर, ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात, शिवाय खिमा पाणी धरतो आणि मग तो परतला जात नाही, उकडला जातो. वितळलेली चरबीही सिंकमध्ये ओतू नका. थंड झाली की ती नळीत मेणासारखी गोठते. पहिल्या हिवाळ्यात आमच्या अपार्टमेंटची मोरी अशीच तुंबली आणि प्लंबरचं बिल आम्हाला भरावं लागलं. टोमॅटोचा रिकामा डबा ओट्यावर ठेवा, चरबी त्यात गाळा, गोठली की डब्यासकट कचऱ्यात टाका.

शिजवण्यात कसूर नको. अख्ख्या तुकड्याचे जंतू बाहेरच्या बाजूला असतात, दळताना ते आतपर्यंत मिसळतात. १९९३ साली इथल्या पश्चिमेकडच्या राज्यांत अर्धकच्च्या हॅम्बर्गरमुळे शेकडो लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. म्हणून बर्गर आतून १६० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ७१ सेल्सिअसला, पोचला पाहिजे. रंगावर विश्वास ठेवू नका, पंधरा-वीस डॉलरचा थर्मामीटर घ्या. कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवस, शिजवलेला तीन-चार दिवस. गोठलेला खिमा सकाळी ओट्यावर काढून ऑफिसला जायचं नाही. आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात थाळीवर ठेवायचा.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मी तीन पौंड खिमा एकदम करते. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, चौघांचं एका वेळचं जेवण. त्याची रीत नीट सांगते, कारण सगळी चव इथेच ठरते. बिडाचा जड तवा किंवा जाड बुडाची कढई पाच मिनिटं कोरडीच तापवा. धुराचा अलार्म शेगडीजवळ असेल तर पंखा आधी लावा आणि खिडकी किलकिली करा. एका वेळी एकच पौंड खिमा घाला. तिन्ही पौंड एकदम टाकले की तवा गार पडतो, पाणी सुटतं आणि खिमा त्यात राखाडी होऊन उकळत बसतो. खिमा उलथन्याने दाबून पोळीसारखा पसरा आणि चार-पाच मिनिटं हात लावू नका. ढवळायची फार घाई होते, ती आवरा. आधी चर्र आवाज येईल, मग वाफ येईल, आणि वाफ ओसरल्यावर तो चर्र आवाज पुन्हा बारीक, कडक होईल. कडा सुक्या, खालची बाजू शेंगदाण्याच्या सालीसारखी तांबूस झाली की उलटा आणि मग फोडा. तीन घाणे असे काढले की तव्यात उरलेल्या चरबीत तीन कांदे, आलं-लसूण आणि मीठ परतून त्यात सगळं मिसळायचं. त्यात हळद नाही, मसालाही नाही. तो त्या-त्या दिवशी.

गार झाला की झिपच्या पिशव्यांमध्ये पौंड-पौंड भरा, हवा काढा आणि पिशवी वहीसारखी सपाट करून फ्रीझरमध्ये आडवी ठेवा. गोळा करून ठेवलेला खिमा तासन् तास सुटत नाही; सपाट पिशवी थंड पाण्यात अर्ध्या तासात सुटते. वर मार्करने तारीख लिहा. दोन-तीन महिने चव उत्तम राहते.

सोमवारी आमच्याकडे खिमा-पाव. एक पिशवी, दोन टोमॅटो, मूठभर मटार, एक बटाटा आणि दोन चमचे बाटली मसाला. वसईला मे महिन्यात मिरच्या आणि मसाले उन्हात वाळवून, भाजून, कुटून बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात; गडद काचेत उजेड लागत नाही आणि रंग टिकतो. तो मसाला येताना सामानातून आणता येतो, फक्त विमानतळावर कस्टम्सला खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगा. सुकं मांस किंवा मांस घातलेली सुपाची पाकिटं आणू नका, ती काढून घेतात. खिम्यात शेवटी चमचाभर व्हिनेगर. पाव म्हणून साधे डिनर रोल घ्या, गोड नकोत. तव्यावर लोणी लावून भाजले की मुलांना पुरेसे होतात.

मंगळवारी टाको. पिशवी कढईत, जिरेपूड, लाल तिखट, चमचाभर टोमॅटो पेस्ट, अर्धी वाटी पाणी, सात-आठ मिनिटं. मसाल्याची तयार पुडी घ्यायची गरज नाही, त्यात मीठच फार असतं आणि आपल्या डब्यात सगळं आहेच. टेबलावर वाट्यांमधून कोबी, टोमॅटो, चीज, लिंबू, कोथिंबीर मांडा आणि मुलांना आपापलं भरू द्या. माझी धाकटी भाजी खात नव्हती, ती पहिल्यांदा कच्चा कोबी खायला लागली ती टाकोत, कारण तो तिने स्वतःच्या हाताने घातला होता.

आणि या गावात राहणार आहात तर सिनसिनाटी चिली शिकाच. नावात चिली आहे म्हणून झणझणीत असेल असं समजू नका. १९२२ साली मॅसेडोनियाहून आलेल्या किराजिएफ भावांनी इथे एक छोटं दुकान काढलं आणि आपल्याकडचे मसाले घातलेला खिम्याचा रस्सा स्पॅगेटीवर वाढायला सुरुवात केली. त्यात दालचिनी आहे, लवंग आहे, जिरं आहे. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी वास घेतला आणि चमचा खाली ठेवला; थेट घरच्या गरम मसाल्याचा वास होता. परक्या मुलखात आलेल्या माणसांनी आपला डबा उघडला आणि शंभर वर्षांत ते या गावचं जेवण झालं. मला ही गोष्ट फार आवडते.

हिची रीत मात्र मी वर सांगितली त्याच्या नेमकी उलटी. इथे खिमा परतायचा नाही. दोन पौंड कच्चा खिमा दीड लिटर थंड पाण्यात हाताने कुस्करून सोडायचा, म्हणजे तो रव्यासारखा बारीक राहतो, गुठळ्या होत नाहीत. त्यात दोन कांदे बारीक चिरून, चार पाकळ्या लसूण, टोमॅटो सॉसचा लहान डबा, दोन चमचे व्हिनेगर, दीड चमचा दालचिनी पूड, चार लवंगांची पूड, दोन चमचे जिरेपूड, तिखट चवीप्रमाणे, आणि मिळाला तर थोडा ऑलस्पाइस, म्हणजे लवंग-दालचिनीच्या वासाचा मिऱ्यासारखा मसाला. मंद आचेवर अडीच-तीन तास. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलीत की चरबी वर पापुद्र्यासारखी जमते, ती उचलून टाका. स्पॅगेटीवर रस्सा, वर बारीक किसलेल्या चीजचा डोंगर, की झालं ‘थ्री-वे’. कांदा किंवा राजमा घातला तर ‘फोर-वे’, दोन्ही घातले तर ‘फाइव्ह-वे’. काट्याभोवती स्पॅगेटी गुंडाळत बसायचं नाही, काट्याच्या कडेने कापून खायचं. इथली माणसं हे कौतुकाने दाखवतात. चालीशीच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी आम्ही मांस खात नाही. तेव्हा इथल्या चर्चमधून तळलेल्या माशांची जेवणं असतात, तिकडे जरूर जा. नव्या माणसाला ओळखी तिथेच होतात.

ज्यांना गोवंशाचं मांस चालत नाही त्यांनी यातलं एकही जेवण सोडायचं कारण नाही. टर्कीचा, कोंबडीचा किंवा मेंढीचा खिमा घ्या. टर्की आणि कोंबडी कोरडी असते, तिला दोन चमचे तेल द्या आणि १६५ अंशांपर्यंत, म्हणजे ७४ सेल्सिअसपर्यंत, शिजवा. हलाल हवं असेल तर हलालच्या वेगळ्या दुकानातून घ्या, तिथे मेंढी आणि बकऱ्याचाही ताजा खिमा दळून देतात. आणि मराठी मंडळींच्या एकत्र जेवणाला बीफचा पदार्थ नेणार असाल तर आधी यजमानांना विचारा. नेलात तर भांड्यापुढे ठळक मराठीत चिठ्ठी ठेवा, डाव वेगळा ठेवा, टेबलाच्या टोकाला ठेवा. न विचारता कुणाच्या पानात ते जाता कामा नये. हे मी फार कळकळीने सांगते.

शनिवारी वेळ असतो, तेव्हा पोटॅटो चॉप. उकडलेल्या बटाट्याची मऊ पारी, आत बाटली मसाल्यातला सुका खिमा, पुदिना, थोडी हिरवी मिरची. अंड्यात बुडवून रव्यात घोळवून तव्यावर तळायचे. बटाटे इथले तपकिरी सालीचे ‘रसेट’ घ्या, लाल सालीचे चिकट होतात. ते गरम असतानाच कुस्करा आणि खिमा अगदी कोरडा करा, नाहीतर पारी फाटते. ज्या दिवशी तेवढा दम नसेल त्या दिवशी तोच खिमा काचेच्या भांड्यात खाली पसरा, कुस्करलेला बटाटा वर, आणि ४०० अंश फॅरनहाइटवर पंचवीस मिनिटं ओव्हनमध्ये. इंग्रज त्याला कॉटेज पाय म्हणतात. आमच्या घरी त्याला मुलं ‘आडवा चॉप’ म्हणतात. उरलेले चॉप सोमवारी डब्यात द्यायचे असतील तर सकाळी तव्यावर गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नको, रवा मऊ पडतो.