प्रोग्रॅमिंग शिकायला बसलात? मग या चुका टाळा

नवशिक्यांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना बॅचमागून बॅच तेच बघते आहे. मुलं अडतात ती घाईमुळे. चूक सांगणारी लाल अक्षरं, म्हणजे एरर, दिसली की ती कशीही करून घालवायची; ती काय सांगताहेत ते वाचायला कुणी थांबत नाही. ज्यांनी आजवर कोडची एकही ओळ लिहिलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं पायथनची, कारण सुरुवातीला मी तीच भाषा घ्यायला सांगते.

एरर गेला म्हणजे प्रोग्रॅम बरोबर झाला, असं समजणं

बारावीची परीक्षा देऊन सुट्टीत एक मुलगा शिकायला आला. वडिलांचं किराणा दुकान, म्हणून पहिलाच प्रोग्रॅम बिलाचा करायचं त्यानं ठरवलं. कल्पना छान होती. किंमत विचारायची, नग विचारायचे, गुणाकार छापायचा. चालवला तर टाइपएरर. इनपुट फंक्शन जे देतं ते नेहमी मजकूर असतं, म्हणजे स्ट्रिंग. तुम्ही २० टाइप केलंत तरी पायथनच्या लेखी ती फक्त दोन अक्षरं. मजकुराला मजकुरानं गुणता येत नाही, एवढंच तो एरर सांगत होता. यानं तो न वाचताच स्क्रीनचा फोटो काढून मित्राला पाठवला. मित्राचं उत्तर आलं, "इंट लाव." इंट मजकुराची पूर्ण संख्या करून देतो. यानं नगाला इंट लावला, किंमत तशीच ठेवली. एरर गेला. मग २० रुपयांचे ३ पुडे घातले आणि बिल आलं २०२०२०.

मजकुराला पूर्ण संख्येनं गुणलं की पायथन तो मजकूर तितक्या वेळा एकापुढे एक जोडतो. त्याच्या नियमानं ते बरोबरच होतं. पण एरर नाही आणि बिल तर चुकतंय, म्हणून या पठ्ठ्यानं पायथन काढून पुन्हा इन्स्टॉल केला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच भाषेचं नाव घेऊन मला विचारलं, "मॅडम, जावा घेऊ का?" मी त्याला किंमतीचा टाइप, म्हणजे प्रकार, छापायला लावला. 'एसटीआर' असं आलं, म्हणजे स्ट्रिंगच. तो गप्प झाला, किंमतीलाही इंट लावला आणि बिल ६० झालं. मग स्वतःहूनच किंमत १२.५० टाकून बघितली. व्हॅल्यूएरर आला, कारण इंटला दशांश असलेला मजकूर चालत नाही. या वेळी त्यानं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली आणि इंट काढून दशांश चालणारा फ्लोट लावला. माझ्या दृष्टीनं त्याचं शिकणं तिथे सुरू झालं.

एररचा पूर्ण मजकूर, म्हणजे ट्रेसबॅक, खालून वर वाचा. सगळ्यात खाली एररचं नाव आणि कारण असतं, त्याच्या वर ओळीचा क्रमांक. सिंटॅक्सएररनं (म्हणजे लिहिण्याच्या नियमातल्या चुकीनं) दाखवलेली ओळ ठीक वाटली तर तिच्या आधीच्या ओळीत कंस बंद करायचा राहिलाय का ते बघा. इंग्रजीची धास्ती असेल तर वहीच्या मागच्या पानावर नेहमीचे शब्द मराठी अर्थासह लिहून ठेवा; तेच तेच शब्द पुन्हा येतात. व्हेरिएबलची, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्यांची, नावं तर पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात. 'किंमत', 'नग' असं खुशाल लिहा.

व्हिडिओ बघत राहणं

पंधरा दिवसांत प्रोग्रॅमर करून देतो म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. त्यांच्यामुळे मुलं एका बैठकीत दहा व्हिडिओ संपवतात आणि कोऱ्या फाइलसमोर त्यांना एक ओळ सुचत नाही. ओळीनं आकडे देणारं रेंज(१, १०) समजावताना सगळे माना डोलावतात. मग मी विचारते, या आकड्यांची बेरीज किती? वर्ग म्हणतो ५५. येते ४५, कारण रेंज शेवटचा आकडा घेत नाही. रन दाबायच्या आधी तुमचं उत्तर वहीत लिहा. चुकलं तर कागदावर प्रत्येक व्हेरिएबलचा एक रकाना आखा आणि लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, दर फेरीला त्यातलं मूल्य लिहीत जा. हा ड्राय रन कंटाळवाणा आहे, आणि मी तो कुणालाही चुकवू देत नाही. एआयकडून तयार कोड घेणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे: आधी तो कागदावर चालवून दाखवा.

बाकीच्या चुका चटकन सांगते. विंडोजवर इन्स्टॉल करताना 'पाथ'च्या चौकटीत टिक करायला विसरू नका, म्हणजे विंडोजला पायथन कुठे आहे ते सापडतं. नोटपॅडमध्ये सेव्ह केलेल्या फाइलच्या नावामागे गुपचूप '.टीएक्सटी' लागलं नाही ना ते बघा. रँडम मॉड्यूल (वाटेल तो आकडा निवडून देणारी पायथनची तयार फाइल) वापरायचं असेल तर स्वतःच्या फाइलला 'रँडम' नाव देऊ नका, पायथन तुमचीच फाइल उघडून बसतो. वर्डमधून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हं वाकडी होऊन येतात आणि सिंटॅक्सएरर येतो. हातानं टाइप करा. प्रिंटपुढे कंस नसलेलं ट्यूटोरियल मिटून टाका: ते पायथन २ चं आहे, आणि त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला. दर महिन्याला भाषा बदलू नका.

आणि अडलात तर जरूर विचारा, पण फोटो नको. कोड मजकूर म्हणून पाठवा, एरर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण द्या, काय टाइप केलंत, काय यायला हवं होतं आणि काय आलं ते लिहा. एवढं लिहिता लिहिता बरीच मुलं मेसेज अर्धवट सोडतात, कारण चूक त्यांची त्यांनाच सापडलेली असते.