बचत खातं, बाँड, शेअर आणि क्रेडिट: विद्यार्थ्यांनी सुरुवात कुठून करावी

बँकेच्या काउंटरमागे मी पस्तीस वर्षं बसलो. कॉलेजं सुरू झाली की शिष्यवृत्तीची खाती उघडायला पोरापोरींची रांग लागायची, आणि त्यातला एक तरी जण हळूच विचारायचा, "सर, पैसे कुठे टाकले की डबल होतात?" मी उलट विचारायचो, "आत्ता आहेत किती?" उत्तर बहुतेक वेळा चार आकडी असायचं. चार आकडी रकमेला डबल करण्याची घाई नसते, ती आधी टिकवायची असते. तर आधी टिकवण्याचं बघू.

एक प्रश्न मात्र सुरुवातीलाच पाठ करून टाका: या व्यवहारात देणेकरी, म्हणजे पैसे देणं लागणारा, कोण? बचत खात्यात बँक तुमची देणेकरी असते. बाँडमध्ये सरकार किंवा एखादी कंपनी. क्रेडिट कार्डावर आणि कर्जात देणेकरी तुम्ही. शेअरमध्ये कुणीच कुणाचं देणं लागत नाही. एवढं डोक्यात बसलं की कुणी काहीही गोड बोलून विकायला आलं तरी कागद कोणत्या जातीचा आहे ते ओळखता येतं.

पायरी १: खातं उघडा

आधार, पॅन, फोटो आणि मोबाइल नंबर लागतो. मिनिमम बॅलन्सची भीती असेल तर 'बेसिक सेव्हिंग्ज' खातं मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक बँकेला ते द्यावंच लागतं. त्यात शिल्लक शून्य असली तरी दंड नाही, आणि महिन्यात किमान ४ वेळा पैसे काढणं फुकट. काउंटरवरचा माणूस आपणहून हे नाव घेईलच असं नाही (आम्हालाही टार्गेट असायची), म्हणून तुम्हीच घ्या. आईवडिलांनी लहानपणी काढलेलं खातं असेल तर १८ पूर्ण झाल्यावर नवी सही आणि केवायसी (ओळख-पत्त्याची कागदपत्रं) देऊन ते सज्ञान खातं करून घ्यावं लागतं.

शिष्यवृत्तीवाल्यांसाठी खास सूचना. महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे तुमच्या अर्जातल्या खाते क्रमांकाकडे बघत नाहीत, ते आधारला 'सीड' केलेल्या, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी आधारशी जोडलेल्या, खात्यात जातात. आधार सगळ्या खात्यांना लिंक असू शकतं, पण सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, आणि शेवटचं केलेलं धरलं जातं. मोबाइलवर दोन मिनिटांत कुठलं तरी नवं खातं उघडताना खालच्या एका चौकोनावर टिक केली, आणि शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन बसली, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. वर दोन वर्षं त्या खात्यात काही व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं. तेव्हा पैसे आले नाहीत म्हणून कॉलेजच्या ऑफिसात भांडण्याआधी आधारच्या वेबसाइटवर आपलं आधार कोणत्या बँकेला सीड आहे ते तपासा.

व्याजाचं म्हणाल तर फार आशा नको. स्टेट बँकेसारख्या मोठ्या बँका जून २०२५ पासून बचत खात्यावर अडीच टक्के देतात. १०,००० रुपये पडून राहिले तर तिमाहीला पासबुकात ६२-६३ रुपयांची ओळ उमटते. मात्र हे व्याज रोजच्या शिल्लकीवर मोजलं जातं. १ एप्रिल २०१० पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरायचे. त्यामुळे ९ आणि १० तारखेला भरणा करणाऱ्यांची रांग दारापर्यंत जायची, आणि ११ तारखेला आम्ही निवांत चहा प्यायचो.

बँक बुडली तर? प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला व्याज धरून ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी हीच मर्यादा १ लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते, त्यानंतरची ही वाढ. सहकारी बँका या विम्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत, त्या एक-दोन टक्के जास्त व्याज देतात, आणि लोक तिलाही 'बँक'च म्हणतात. फरक पाटीवर वाचून घ्या.

पायरी २: खातं कुणालाही वापरायला देऊ नका

हे आमच्या काळी नव्हतं. आता आहे. हॉस्टेलवर कुणीतरी सांगतो, "तुझं एटीएम कार्ड आणि सिमकार्ड महिनाभर दे, तीन हजार मिळतील." माझ्या ओळखीतल्या एका मुलाने दिलं. महिन्याभरात दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावरून खातं गोठलं, कारण कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे त्यातून फिरले होते. खात्यावर नाव त्याचं, केवायसी त्याची. जबाबही त्यालाच द्यावे लागले.

आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार. चूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तासाभरात केला तर पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता बरीच असते.

पायरी ३: तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढा

मेस, खोलीभाडं, प्रवास यांची बेरीज करून तिला तीनने गुणा. तेवढी रक्कम होईपर्यंत पुढच्या पायऱ्या नुसत्या वाचा. ही रक्कम एफडीत (मुदत ठेवीत) ठेवा, महिन्याला थोडे थोडे उरत असतील तर आरडीत (दरमहा भरायच्या ठेवीत). मुदतीआधी एफडी मोडली तर थोडं व्याज कापतात, मुद्दल जात नाही. एक मोठी एफडी करण्यापेक्षा चार लहान करा, गरज पडली तर एकच मोडावी लागते.

पायरी ४: बाँड समजून घ्या

बाँडला मराठीत रोखा म्हणतात. तुम्ही कर्ज देता, समोरचा ठरल्या तारखांना व्याज देतो आणि मुदत संपली की मुद्दल परत. केंद्र सरकारचे रोखे तुम्हालाही थेट घेता येतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची 'रिटेल डायरेक्ट' ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून आहे, खातं फुकट, आणि किमान १०,००० रुपयांपासून रोखा मिळतो. ९१ दिवसांची ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारचे अल्प मुदतीचे कर्जाचे कागद, तेही तिथेच मिळतात.

लोक चुकतात ते इथे: बाँड 'सुरक्षित' म्हणजे त्याची किंमत हलत नाही असं समजतात. समजा १,००० रुपयांचा, ७ टक्क्यांचा, १० वर्षांचा रोखा तुम्ही घेतला. उद्या बाजारात तसलाच नवा रोखा ८ टक्क्यांनी मिळू लागला. आता तुमचा जुना रोखा १,००० ला कोण घेईल? हिशेब केला तर त्याला साधारण ९३३ रुपये येतात. मुदत पूर्ण होईपर्यंत धरून ठेवलात तर १,००० मिळतातच. मध्येच विकायला निघालात तर ६७ रुपयांचा फटका. व्याजदर उतरले की उलटं होतं, जुना रोखा महाग विकला जातो.

कंपन्यांचे बाँड जास्त व्याज देतात, कारण ती कंपनी बुडू शकते. 'एएए' हे रेटिंग, म्हणजे परतफेडीच्या खात्रीचा सर्वांत वरचा दर्जा, बघून निश्चिंत होऊ नका. आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसे पुरवणाऱ्या कंपनीच्या कागदांना सर्वोच्च रेटिंग होतं, आणि २०१८ मध्ये काही आठवड्यांत ते थेट 'डी'वर, म्हणजे पैसे थकवल्याच्या दर्जावर, आलं. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड (बँक अडचणीत आली तर बुडीत धरता येणारे बाँड) शून्य केले गेले. त्यांतले काही जास्त व्याजाच्या एफडीसारखे म्हणून सामान्य ठेवीदारांच्या गळ्यात मारले गेले होते. विद्यार्थ्याला कंपनीच्या बाँडची गरजच नाही, असं माझं स्पष्ट मत.

पायरी ५: शेअर, पण हळू

शेअर घेतला म्हणजे तुम्ही मालक झालात, अगदी एका शेअरचे का होईना. नफा झाला तर लाभांश मिळेल, तोही संचालकांनी द्यायचा ठरवला तर. नाही झाला तर कुणाकडे दाद मागायची सोय नाही. दिवाळं निघालं तर आधी कर्मचारी, बँका, बाँडवाले आणि सरकारची देणी, सगळ्यात शेवटी शेअरवाले. बहुधा तोवर भांडं रिकामं झालेलं असतं.

मार्च १९९२ मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, रोज वर चालला होता. शेजाऱ्याने सांगितलं म्हणून मी एका कंपनीचे शंभर शेअर घेतले. कंपनी काय बनवते हेही विचारलं नाही. पुढच्याच महिन्यात शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्याचं प्रकरण बाहेर आलं आणि बाजार कोसळला. ती कागदी सर्टिफिकेटं अजून कपाटात आहेत, सुंदर छपाई आहे. कंपनी मात्र उरलेली नाही.

आता कागद नाही. पॅन, आधार आणि बँक खातं असलं की सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था) नोंदणी असलेल्या ब्रोकरकडे डीमॅट (शेअर ठेवायचं) आणि ट्रेडिंग (खरेदी-विक्रीचं) खातं उघडता येतं. शेअर प्रत्यक्षात एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत राहतात, ब्रोकरच्या खिशात नाही. त्यांचं स्टेटमेंट थेट तुमच्या ईमेलवर येतं, ते उघडून बघायची सवय लावा. खातं उघडताना ब्रोकर 'एफ अँड ओ चालू करू का?' असं विचारतो, म्हणजे वायदे-ऑप्शन, पुढच्या भावावर लावायचे सौदे. नाही म्हणा. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या ९३ टक्के व्यक्तींनी पैसे घालवले, सरासरी माणशी सुमारे २ लाख. टेलिग्रामवर नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारा तो उरलेल्या सात टक्क्यांतला आहे, असं समजायला काही आधार नसतो.

सुरुवातीला निफ्टी ५० किंवा सेन्सेक्सच्या इंडेक्स फंडात (त्या निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर घेणारा म्युच्युअल फंड) ५०० रुपयांची एसआयपी, म्हणजे दरमहा ठराविक गुंतवणूक, पुरे. पन्नास किंवा तीस कंपन्यांचा थोडा थोडा वाटा मिळतो, खर्च कमी, डोकं शांत. 'डायरेक्ट' प्लॅन घ्या, त्यात मधल्या एजंटचं कमिशन नसतं. फक्त फीचे पैसे इथे टाकू नका. २३ मार्च २०२० या एका दिवसात सेन्सेक्स ३,९०० हून अधिक अंक, म्हणजे १३ टक्के पडला होता. नोव्हेंबरपर्यंत त्याने आधीचा उच्चांक ओलांडला, हेही खरं. पण ज्याला जूनमध्ये फी भरायची होती, त्याला नोव्हेंबर काय कामाचा?

पायरी ६: क्रेडिट

इथे बाजू पालटते, देणेकरी तुम्ही. बँक बचतीवर अडीच टक्के देते आणि तीच बँक कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३६ ते ४५ टक्के घेते. म्हणून कार्डाची थकबाकी असताना एसआयपी करणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं.

बिलावर दोन आकडे असतात, 'टोटल ड्यू' आणि 'मिनिमम ड्यू'. समजा कार्डावर २०,००० चा फोन घेतला. मिनिमम ड्यू १,००० आला, तुम्ही तेवढाच भरला. उरले १९,०००. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ६६५, त्यावर १८ टक्के जीएसटी १२०. पुढचं बिल आलं १९,७८५ रुपयांचं. हजार भरले, कर्ज कमी झालं २१५ रुपयांनी. हाही सोपा करून मांडलेला हिशेब. प्रत्यक्षात पूर्ण बिल भरलं नाही की व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. तेव्हा ऑटो-पे लावताना 'टोटल' निवडा. 'बाय नाउ, पे लेटर' हेही कर्जच आहे, त्याच्या थकलेल्या हप्त्याची नोंद होते.

पगार नसताना कार्ड हवंच असेल तर एफडीच्या तारणावर मिळतं. लिमिट एफडीच्या आत राहते, आणि वेळेवर भरत गेलात तर सिबिलचा (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी) इतिहास तयार होऊ लागतो. सिबिल स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. कधीच कर्ज घेतलं नसेल तर स्कोअर दिसत नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

शैक्षणिक कर्जात एक गोष्ट मुलं विसरतात: वडील किंवा आई सहकर्जदार असतात. तुमचा हप्ता चुकला की त्यांचाही सिबिल खाली येतो, आणि धाकट्या बहिणीच्या वेळी अडचण होते. साधारणपणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. शिक्षण चालू असताना आणि नंतर सहसा एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. ५ लाखांवर १० टक्के धरले तर महिन्याला चार हजारांच्या वर. जमेल तेवढं त्या काळातच भरत गेलात तर नोकरी लागल्यावरचा हप्ता हलका होतो.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट आणि फोटोंची परवानगी मागितली की तिथेच थांबा. नियमाप्रमाणे कर्जाची रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात यायला हवी आणि सगळा खर्च सांगणारं पत्रक आधी मिळायला हवं. त्यावर कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेली, पण कर्ज देणारी वित्त कंपनी) नाव शोधा.

शेवटचं काम आजच करता येईल. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा आणि आपल्या पॅनवर न घेतलेलं कर्ज दिसतंय का ते बघा. दिसलं तर त्यांच्याच वेबसाइटवर तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.