सीपीयू चढलाय, पण लोड तर नाही: सेटिंगचा दोष कसा शोधायचा

सीपीयूचा अलर्ट आला की सपोर्टमध्ये नव्याने आलेल्याचा हात आधी रिस्टार्टकडे जातो. तो आवरा. रिस्टार्टने आकडा खाली येतो, पण पुरावाही पुसला जातो, आणि दोष सेटिंगचा असेल तर आकडा पुन्हा चढतोच.

लिनक्सवर सुरुवात ‘टॉप’ने करा, म्हणजे चालू प्रोसेस आणि सीपीयूचा वापर दाखवणाऱ्या आज्ञेने. त्यात ‘यूएस’ म्हणजे प्रोग्रामचं स्वतःचं काम, ‘एसवाय’ म्हणजे कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) काम आणि ‘डब्ल्यूए’ म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ. ‘डब्ल्यूए’ फुगलेला असेल तर आधी डिस्क तपासा. चार कोअरच्या मशीनवर एका प्रोसेससमोर ४०० टक्क्यांपर्यंत आकडा दिसू शकतो, त्यामुळे १०० म्हणजे एक कोअर भरला एवढंच. मोठा एच दाबला की थ्रेड, म्हणजे प्रोसेसच्या आत समांतर चालणारे कामाचे धागे, वेगवेगळे दिसतात. ट्रॅफिक ओसरल्यावरही एखादा थ्रेड १०० वरून हलत नसेल, तर संशय सेटिंगवर घ्यायला हरकत नाही.

‘एसवाय’ जास्त असेल तर पोलिंगचा, म्हणजे ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा होणाऱ्या तपासणीचा, कालावधी बघा. इथे बहुतेक वेळा एककाचा घोळ असतो. कोणीतरी ३० सेकंद समजून ३० लिहिलेलं असतं आणि सॉफ्टवेअर ते मिलिसेकंद समजतं. मग मिनिटाला दोनदा व्हायची तपासणी सेकंदाला ३३ वेळा होते. शून्य तर त्याहून घातक: काही ठिकाणी त्याचा अर्थ ‘बंद’, तर काही ठिकाणी ‘अजिबात न थांबता’. खात्रीसाठी ‘एसट्रेस’ला (प्रोग्राम कर्नलला करत असलेले कॉल मोजणाऱ्या साधनाला) सी आणि पी हे पर्याय व प्रोसेस क्रमांक देऊन दहा सेकंद चालवा आणि कंट्रोल-सीने थांबवा. एकाच कॉलची संख्या हजारोंत आली की चोर सापडला. मात्र ‘एसट्रेस’मुळे प्रोसेस मंदावते, प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरत असलेल्या सर्व्हरवर) ते चालू ठेवून चहाला जाऊ नका.

‘यूएस’ जास्त आणि प्रोग्राम जावाचा असेल, तर हीपची, म्हणजे प्रोग्रामचा डेटा राहतो त्या मेमरीची, कमाल मर्यादा पाहा. ती तोकडी असेल तर नको असलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर सतत धावतो आणि ॲप्लिकेशनच्या वाट्याला प्रोसेसर उरत नाही. जावासोबत येणाऱ्या ‘जेस्टॅट’ला जीसीयूटिल पर्याय देऊन दर सेकंदाला आकडे घ्या. ‘ओ’ (जुन्या डेटाचा भाग किती टक्के भरला) हा रकाना १०० च्या आसपास चिकटलेला आणि ‘एफजीसी’ (पूर्ण सफाया किती वेळा झाला) वाढतच चाललेला दिसला, तर मर्यादा वाढवून बघा. वाढवलेली हीपही हळूहळू तशीच भरत गेली तर ती मेमरी लीक, म्हणजे प्रोग्राम वापरलेली मेमरी सोडतच नाही. ते काम डेव्हलपरचं, सेटिंगने सुटणार नाही.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये जीझिपची, म्हणजे फाइल दाबून लहान करण्याची, पातळी ९ ठेवलेली असते तेव्हाही ‘यूएस’ चढतो. मूळ पातळी १ आहे. वरच्या पातळ्यांवर फाइल थोडीच लहान होते आणि प्रोसेसर बराच खर्ची पडतो. डीबग लॉग, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहून ठेवणारी नोंद, चालू राहिलाय का, तेही बघून घ्या.

बदल करण्यापूर्वी कॉन्फिग फाइलची (सेटिंग असलेल्या फाइलची) प्रत ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तुम्ही बदललेली फाइलच वाचली जातेय का, हेही तपासा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममध्ये फाइलबाहेर ठेवलेलं मूल्य) किंवा दुसरी फाइल कधीकधी तिच्यावर मात करत असते. एनजिनएक्सला मोठा टी पर्याय दिला की सगळ्या फाइल्स मिळून वाचलेलं कॉन्फिग समोर येतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘शो’ ही आज्ञा चालू मूल्य सांगते. आधीचा आणि नंतरचा आकडा सारख्याच ट्रॅफिकच्या वेळी घ्या आणि दोन्ही तिकिटात नोंदवा.